ज्याचं आवतण, त्यानं दारात

दिपालीच्या लग्नाची पत्रिका मला आमच्या शाळेच्या शिपायानं, मष्णूनं फोनवर पाठवली. खाली हात जोडल्याचं चित्र आणि एक ओळ: 'बाई, तुमच्या वर्गातलीच पोरगी न्हवं ही?' शाळेतून येऊन मी गरम पाण्यात पाय सोडून बसले होते. पाणी निवलं तरी पाय बाहेर काढायचं सुचलं नाही.

मी नववी 'ब'ची वर्गशिक्षिका. दिपाली चौदा वर्षांची. आठवडाभर ती शाळेत आलेली नव्हती आणि ताप असेल म्हणून मी हजेरीत गैरहजर मांडत होते.

पत्रिका मात्र अशी चोख, की नाव ठेवायला जागा नाही. वर गणपती, 'आमचे येथे श्रीकृपेकरून', वराच्या जागी तिच्या मामाचा मुलगा विक्रम, येत्या रविवारचा मुहूर्त, खासबागेतला घरचा पत्ता. तळाला चिमुकल्यांचा आग्रहसुद्धा होता: 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं.' मधोमध फोटो. हिरव्या साडीतली दिपाली आणि शेजारी ताट धरून उभा असलेला विक्रम.

फोटो मखराचा होता. दिवाळीच्या सुट्टीत पोरगी शहाणी झाली, पहिली पाळी आली, तेव्हा घरच्यांनी तिला मखरात बसवलं. आमच्याकडे अजून बसवतात. मामाकडून साडी येते, बायका गाणी म्हणतात, मामाच्या पोराला नवरदेव नवरदेव म्हणून चिडवतात. पूर्वी हे सगळं चार भिंतींत राहायचं. या वेळी दिपालीच्या थोरल्या आत्यानं, निपाणीच्या राजाबाईनं, कौतुकानं फोटो स्टेटसला ठेवला. तिथून तो नात्यातल्या कुठल्या तरी पोराकडे गेला आणि त्याच्याकडून आमच्या नववीच्या ग्रुपवर. त्या ग्रुपात पोरांनी मला घेतलेलं नाही, पण त्याची जबाबदारी माझ्याच डोक्यावर.

कारण सायबर सुरक्षेचं काम शाळेत माझ्याकडे आहे. का, तर मी नवा फोन घेतला. आमची सीमाभागातली मराठी शाळा; वरून कन्नडमधून परिपत्रक येतं, मी ते मराठीत समजावून सांगते, मुलं हात पुढे करून शपथ घेतात आणि घरी जाऊन फोन उघडतात. अनोळखी माणसाला फोटो देऊ नका, हे सांगून सांगून माझा घसा बसला. ओळखीच्या माणसांचं काय करायचं, ते परिपत्रकात कुठंच नव्हतं.

फोटो त्या ग्रुपवर गेलेला, म्हणजे ही पत्रिका पोरांपैकीच कुणाची तरी करामत; ती कुणी केली हे शोधायला कष्ट पडले नाहीत. वर्गातल्या सौरवच्या वडिलांचं कॅम्पात फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसाचे, सत्काराचे फलक हा पोरगा बापापेक्षा झटपट करतो. पहिल्या बाकावर बसणारा, विचारलं की हात वर करणारा, गुणी म्हणून आम्हीच डोक्यावर घेतलेला.

"टाईमपास हो बाई," दुसऱ्या दिवशी शाळेत विचारलं तर तो म्हणाला. "मी डिलीट केलोय की."

"कुठून डिलीट केलास?"

"माझ्या फोनातनं."

त्याच्यावर ओरडावं एवढा जोर माझ्या अंगात उरला नव्हता. शाळा सुटल्यावर रिक्षा करून मी खासबागेत गेले.

त्या गल्लीत शिरलं की मागांच्या खडखडाटात आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही. मला पाहून दिपालीच्या वडिलांनी, नागेंद्रनी, माग बंद केला. तिची आई शालूबाई चहा टाकायला आत गेली. कोपऱ्यात कांड्या भरायच्या यंत्रापाशी दिपाली बसली होती. सूत गुंडाळलं जात होतं आणि तिची पाठ आमच्याकडे होती.

"लग्न ठरलंय?" मी सरळच विचारलं.

"ठरलं न्हवतं बाई," नागेंद्र म्हणाले. "आता ठरल्यागत झालंय."

मग शालूबाईनं चहाबरोबर सगळं सांगितलं. पत्रिका गावोगावच्या पाहुण्यांत फिरली आणि पाहुणे रुसले. फोनवर आवतण देतात होय? हळदीकुंकू लावून, अक्षता हातात देऊन बोलवायचं सोडून? शालूबाईनं एकेकीला सांगून पाहिलं, की लग्नच नाही, पत्रिका खोटी आहे. त्यावर पलीकडून आवाज खाली यायचा आणि प्रश्न यायचा, "मोडलं काय गं?" लग्न नव्हतंच, हे कुणाला पटेना. मोडलं, हे मात्र सगळ्यांना लगेच पटत होतं. मोडल्या लग्नाची पोरगी म्हणून चौदाव्या वर्षी तिचं नाव निघालं. शेवटी राजाबाईनं निपाणीहून निकाल दिला.

"म्हणाल्या, नाव जोडलंच हाय, पोरगा घरचाच हाय. त्याच तारखेला चार माणसांत अक्षता टाकून मोकळं व्हा," शालूबाई म्हणाली. "शाळा काय, पुढं बघता येतंय म्हणं."

"आणि विक्रम काय म्हणतो?"

"फोन बंद करून बसलाय. उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला जातोय, येतोय. कुणाशी बोलत न्हाय."

मी उठून दिपालीजवळ गेले. यंत्राचा आवाज होता म्हणून वाकावं लागलं.

"दिपाली, तुला काय वाटतं?"

"होऊ दे की बाई."

"काय होऊ दे?"

"लगीन." तिनं भरलेली कांडी काढून टोपलीत टाकली. "खरं झालं की चेष्टा संपंल न्हवं?"

इतकी वर्षं पोरं शिकवली, पण असा हिशेब माझ्यासमोर कुणी मांडला नव्हता. आधी मला तिचा राग आला, मग रडू आलं. तिचं चुकतंय हे मला कळत होतं, आणि तिला तसं का वाटतंय तेही कळत होतं. मी पर्समधून फोन काढला.

"मुलांच्या मदतीचा नंबर आहे, एक शून्य नऊ आठ," मी नागेंद्रना म्हणाले. "तुमच्या समोरच लावते. हे लग्न लावलंत तर केस होईल. तुमच्यावर, तुमच्या बहिणीवर आणि त्या विक्रमवर."

ते चिडतील, मला बाहेरची वाट दाखवतील, अशी मी तयारी ठेवली होती. त्यांनी नुसता गळ्यातला टॉवेल काढला आणि तोंड पुसलं.

"लावा बाई. आक्काला न्हाय म्हणायला माझी जीभ उचलत न्हाय. सरकारनं न्हाय म्हटलं तर लई बरं हुईल."

मी तिथंच फोन लावला. दुसऱ्या दिवशी मुलांच्या मदतीच्या कार्यालयातल्या बायका आल्या, नागेंद्रकडून लिहून घेतलं, विक्रमच्या घरीही जाऊन आल्या. राजाबाईनं भावाशी बोलणं टाकलं. लग्न थांबलं. पत्रिका तेवढी थांबली नाही, ती कुणाकुणाच्या फोनवर अजून पोचतच होती.

"रविवारी जी माणसं येतील त्यास्नी मी काय सांगू?" शालूबाईनं मला विचारलं. "मी न्हाय दारात उभी ऱ्हाणार. ज्याचं आवतण, त्यानं दारात."

आमच्याकडे ही रीतच आहे. ज्यानं बोलावलं त्यानं दारात उभं राहून, हात जोडून माणसं आत घ्यायची. शालूबाईचा निरोप मी जसाच्या तसा कॅम्पात नेऊन सौरवच्या वडिलांना दिला. त्यांनी पोरावर हात उगारला.

"मारू नका," मी म्हणाले. "मारलंत की फिटलं, असं वाटेल त्याला. रविवारी घेऊन या."

रविवारी मीही गेले. सुट्टीच्या दिवशी झोपायचं सोडून मागाच्या कडेला बसले होते, कारण राजाबाईचा मला भरवसा नव्हता. सौरव इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा होता. त्याचे वडील समोर स्कूटरला टेकून होते. गुणी पोराकडे बघून मला वाईटही वाटत होतं, हे खोटं कशाला सांगू.

पहिली आली ती नागेंद्रची चुलती, यल्लव्वा. निपाणीच्या पलीकडच्या खेड्यातून एस्टी बदलत आलेली. तिच्याकडे फोन नाही, पत्रिका तिला नातवानं वाचून दाखवली होती. ठेवणीतलं लुगडं, काखेत स्टीलची घागर.

"मांडव न्हाय घातला व्हय रं?" तिनं सौरवला विचारलं.

सौरवनं हात जोडले. मग वडिलांच्या स्कूटरकडे बघितलं. म्हातारीनं पुन्हा तेच विचारलं. आत कांडीचं यंत्र थांबलं आणि दिपाली उंबऱ्याशी आली.

"लगीन न्हाय, आज्जी. पत्रिका खोटी हाय."

"खोटी? मग केली कुणी?"

ती मान खाली घालील असं मला वाटलं.

"ह्यानं," दिपाली म्हणाली. "का केली ते त्यालाच इचारा. मला बी ऐकायचंय."

यल्लव्वानं घागर खाली ठेवली. "का रं बाळा?"

"चेष्टा केलतो, आज्जी."

"कुणाची?"

"दिपालीची."

"मग ती हसली व्हय?"

सौरव रडायला लागला. त्याला कुणी गप्प केलं नाही, कुणी रागावलंही नाही. शालूबाईनं म्हातारीला आत नेऊन पाणी दिलं आणि सौरव डोळे पुसून पुन्हा दारात उभा राहिला, कारण गल्लीच्या तोंडाशी आणखी माणसं उतरत होती.

दुपार कलेपर्यंत ती येत राहिली. कुणी भांडं घेऊन, कुणी साडी घेऊन. प्रत्येकानं दारात तोच प्रश्न विचारला आणि प्रत्येक वेळी दिपाली यंत्र बंद करून सौरवचं उत्तर ऐकत होती.