मी 'नारा', अर्ध्यावर थांबलेला

मी एक जुना शब्द आहे. माझं नाव 'नारा'. मोर्चात देतात तो नव्हे हं, मित्रांनो! मी जपानी बोलीतला. तुमच्याकडे 'असेल तर' जे काम करतो, ते तिकडे मी करतो.

फार पूर्वी मला 'नाराबा' म्हणत. 'आहे' असं सांगणाऱ्या, माझ्याहून जुन्या एका शब्दाच्या पोटी मी जन्मलो. बोलता बोलता माणसांनी माझं शेपूट कधी गाळलं, मलाही कळलं नाही. कुणी म्हणालं, "बाजारात निघाले," की मी हजर: "बाजारात जाणार असशील तर टोफू आण." दुसऱ्याचं बोलणं उचलायचं, त्याला आपलं जोडायचं. पुढे काय जोडलं जाईल, याची मला अजून उत्सुकता वाटते.

पण तिकडच्या माणसांची एक खोड आहे. पुष्कळदा ती माझ्यापाशीच थांबतात. उरलेलं ऐकणाऱ्यानं ओळखायचं!

यासाकु कोळ्याची एकुलती एक लेक चिगुसा गाईगुरांचं काम शिकायला दूर उत्तरेला, थंडगार होक्काइदो बेटावर निघाली होती. बाप जाळं सांधत बसलेला, मान वर करीना.

"अहो, बोला ना पोरीशी!" तिची आई तोमिए म्हणाली.

"मासळी सोडून शेण काढायला चालली," तो पुटपुटला. "जाणारच असशील तर..."

आणि मी तसाच लोंबकळत राहिलो.

चिगुसानं भलतंच ओळखलं: 'तर परत येऊ नकोस.' तिचे डोळे भरले. "सायोनारा, बाबा."

तोमिए दचकली. त्या निरोपातही मीच आहे, मित्रांनो. 'असंच असेल तर...' एवढाच त्याचा मूळ अर्थ. पण घरची माणसं एकमेकांना तो देत नाहीत. नातं तोडल्यासारखा लागतो.

"तर काय, ते सांगा की!" तोमिए कडाडली. "पोरीनं काय समजायचं?"

यासाकुनं जाळं खाली ठेवलं. "तर... माझे लोकरीचे मोजे ने. गोठ्यात पाय गारठतील. आणि नववर्षाला घरी ये."

"ते मोजे? वास मारतात, बाबा!" चिगुसा रडता रडता हसली. "आणा इकडे." मग दारातून म्हणाली, "जाऊन येते."

"ये जाऊन."

या निरोपात मी कुठेच नव्हतो. तरी इतका आनंद मला क्वचितच झालाय.

मित्रांनो, मला किंवा तुमच्या 'तर'ला खुशाल कामाला लावा, पण वाटेत सोडून जाऊ नका. आमच्या पलीकडे कुणीतरी कान देऊन उभं असतं.