कपाटामागची भिंत

कुणी घरी येणार म्हटलं की माझा हात आपोआप फडक्याकडे जातो. त्या सकाळीही तसाच गेला.

माझ्या लेकीची, चिमणीची, धाप तीन महिने हटेना, तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "श्वासाचा पंप मी देईन, पण तुमच्या घरातल्या ओल्या भिंतीवर माझ्याकडे औषध नाही. तळमजल्यावर वकीलताई बसतात, पैसे घेत नाहीत. त्यांना भेटा." वकीलताईंनी अर्ज केला आणि त्या दिवशी घरं तपासणारे साहेब यायचे होते. त्यांनी भिंत बघून लिहून दिलं, तरच घरमालक आतला गळका पाइप बदलणार.

आणि मी काय केलं? चिमणीचा डोळा लागला तेवढ्यात सगळी बुरशी खरवडली, डब्यातला उरलासुरला रंग फासला. साहेब काय म्हणतील, बाईला घर ठेवता येत नाही?

वकीलताई दारातच थबकल्या. "अहो, हे काय करून बसलात?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

साहेबांच्या मागोमाग घरमालककाका आले. "बघा, कसं लख्ख घर आहे. आता पोर खोकते त्याला मी काय करू? मी काय वैद्य आहे?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. माझ्या कडेवर चिमणीची छाती बारीक शिट्टीसारखी वाजत होती. हिवाळा तोंडावर होता.

"एकटीनंच रंगवलंत?" वकीलताईंनी विचारलं.

"हो."

"मग ते कपाट कुणी हलवलं?"

"लोखंडी आहे हो. माझ्याच्यानं कुठं हलतंय?"

त्यांनी ओढणी कमरेला खोचली. "काका, जरा हात लावा."

"माझी कंबर धरलीय."

"बरं. साहेब, तुम्ही या."

कपाट करकरत सरकलं. मागची भिंत माझ्या खांद्यापर्यंत काळी होती. ओला, कुबट वास आला आणि चिमणीला ठसका लागला. काका खिडकीबाहेर बघू लागले. साहेबांनी टोपण काढलं.

पाइप बदलून आता महिना झाला. भिंत वाळतेय, तरी सवय जात नाही. चिमणी झोपली की मी तिच्या पाठीला कान लावते. आज शिट्टी ऐकूच आली नाही. घाबरून पुन्हा कान लावला.

नुसता श्वास चालला होता.