मोरचुदाचं पाणी

माळीकाका बागेतल्या औषधी झाडांचा पाला घेऊन प्रयोगशाळेत शिरले, तेव्हा तिथं संशोधन करणारी ताई भलतीच खुशीत होती. चार वर्षं ती याच पाल्याचा अर्क काढून सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात मिसळत होती. पिवळट पाणी तपकिरी झालं, की चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण तयार झाले असं समजायचं. मग ते बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर सोडायचे.

"काका, या खेपेला नव्वद टक्के पेशी मेल्या. नुसत्या अर्कानंसुद्धा निम्म्या गेल्या. दुपारी सरांना दाखवतेय."

काका पाला खाली ठेवून दारातच थांबले. वाफ्यावर कसलंही औषध मारायचं नाही, अशी ताईची सक्त ताकीद होती. पण गेल्या महिन्यात पानांवर काळे ठिपके पडले, झाडं डोळ्यांदेखत माना टाकू लागली, आणि काकांना राहवलं नाही. त्यांनी बुरशीवर मारतात ते मोरचूद-चुन्याचं पाणी फवारलं. तेही दोनदा.

मोरचूद म्हणजे तांबं, एवढं त्यांना ठाऊक होतं. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर एका चुकीवर माणसाला घरी बसवतात, हेही ठाऊक होतं. ते वाफ्यावर परतले, पण खुरपं हातात धरवेना. दुपारी ते तसेच मातीच्या पायांनी वर गेले.

ताई कागद लावत होती.

"ताई, पाल्यावर मी मोरचूद मारलं होतं."

तिचे हात थांबले. "कधी?"

"तोडायच्या आठ दिवस आधी."

तिनं हातातला कागद उलटा ठेवला. तेवढ्यात सर आत आले. "चला, दाखवा."

"आज नको, सर," ती कशीबशी म्हणाली. "पाल्यात तांबं असावं अशी शंका आहे. तांब्यानंही पेशी मरतात; या कशानं मेल्या, सांगता येणार नाही."

"तांबं? कुणी घातलं?"

ताई कागद गोळा करू लागली. तिनं काकांकडे पाहिलंही नाही.

"मी फवारलं, सर," काका म्हणाले.

सरांनी ताईच्या हातातले कागद घेऊन चाळले. मग म्हणाले, "न फवारलेली झाडं आहेत?"

"माझ्या खोलीमागं कुंड्यांत चार आहेत," काका म्हणाले.

त्या पाल्यावर पुन्हा सगळं झालं. पाच दिवस काका काम आटोपून प्रयोगशाळेच्या दाराशी चक्कर मारत. सहाव्या दिवशी ताईनं आकडे वाचले: नुसत्या अर्कानं काहीच झालं नव्हतं. चांदीच्या कणांनी पेशी मेल्या होत्या, पण नव्वद नाही, चौतीस टक्के.

काकांना लेखी समज मिळाली, नोकरी राहिली. ताई आठवडाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. मग एका सकाळी ती स्वतः बागेत उतरली.

"आणखी वीस रोपं लागतील, काका. कुठं लावायची, तुम्हीच सांगा."