सकाळी गाडी येईल

त्या हिवाळ्यात मागच्या दाराशी येऊन उभा राहणारा माणूस माझा नवराच असावा, असं मला आधी वाटलं होतं.

तो दुपारचा यायचा. मुलगा नरेंद्र मोटारींच्या कंपनीत, सून उत्तरा हॉस्पिटलमध्ये, आणि अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या त्या घरात मी एकटी. मागच्या अंगणात गुडघाभर बर्फ. काचेच्या सरकत्या दारापलीकडे, मेपलच्या झाडाखाली तो उभा असायचा. अंगात पातळ, ओले कपडे. एक हात पोटाशी दाबून धरलेला. तो घराकडे बघत नसे. रस्त्याकडे बघे, एसटीची वाट बघणारा माणूस बघतो तसा. मी दार सरकवलं की नुसतं झाड उरायचं, आणि खाली बर्फ जसाच्या तसा, कुणाचं पाऊल न उमटलेला.

मी भ्यायले नाही. चव्वेचाळीस साली नरेंद्र पोटात असताना हे इंग्रजांच्या पलटणीतून इटलीत लढायला गेले होते. लढाई संपल्यावर शेजारच्या गावचा एक शिपाई घरी येऊन सांगून गेला. नदीकाठच्या एका गावात यांच्या पोटाला गोळी लागली. पलटण मागे हटत होती, उचलून न्यायला माणसं नव्हती. एका घरात गवतावर निजवलं आणि सांगितलं, सकाळी गाडी येईल. सकाळी गाडी गेली नाही. चार दिवसांनी पलटणीतले लोक परत गेले तेव्हा तिथे घरच नव्हतं. सरकारी कागदात बेपत्ता असा शब्द होता. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, सासऱ्यांनी वाचून दाखवला.

बारा वर्षांनी भावकी म्हणाली, आता दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकून घ्या. मी म्हटलं, मेलेला कुणी पाहिलाय? माझं कुंकू पुसायला मेलेला माणूस दाखवा. कुंकू राहिलं. हळदीकुंकवाला बोलावताना बायका जरा घुटमळायच्या, पण बोलवायच्या. इथे ट्रॉयमध्ये तर कुणाला काही ठाऊकच नव्हतं. काका कधी येणार इकडे, असं इथल्या मराठी बायका विचारायच्या. मी म्हणायची, येतील.

त्या दिवाळीत नरेंद्रला हार्ट अटॅक आला. वाचला. घरी आल्यावर सोफ्यावर पडून छताकडे बघत राहायचा. एकदा मी पेज घेऊन गेले तर म्हणाला, "आई, बाबांचं राहिलंय."

मी वाटी पुढे केली.

"अँब्युलन्समध्ये माझ्या डोक्यात तेवढंच होतं. मुलगा असून मी काही केलं नाही. डॉक्टर म्हणाला, धिस टाइम यू वेअर लकी. नेक्स्ट टाइमचं कोण सांगणार?"

"असं अभद्र बोलू नये नरू."

"मग करू दे ना मला."

मी वाटी त्याच्या हातात दिली आणि आत गेले. त्रेचाळीस वर्षं जपलेलं माझं कुंकू एका बाजूला, आणि सोफ्यावर पडून छताकडे बघणारा माझा मुलगा दुसऱ्या बाजूला.

दुपारी मी डेकवर, मागच्या दाराबाहेरच्या लाकडी ओट्यावर, दहीभाताचं ताट ठेवू लागले. इथे रकून नावाचं, मांजराहून थोडं मोठं, पुढच्या पायांनी हातांसारखं उचलून खाणारं जनावर घराभोवती फिरतं. उत्तराने ताट दोन-तीनदा पाहिलं.

"आई, बाहेर भात नका ठेवू हो. रकून येतात, मग गराजमध्ये घुसून बसतात."

"येऊ दे. भूक लागली असेल त्याला."

"कोणाला?"

"रकूनला," मी म्हटलं.

आठवड्यातून एकदा उत्तरा मला लायब्ररीतल्या वर्गाला सोडायची. मराठी अक्षरं मी चाळिशीनंतर शिकले, इंग्रजी तिथे, साठी उलटल्यावर. शिकवायला डुवाल बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांचे पूर्वज फ्रेंच, इथून तासाभरावरच्या रेझिन नदीकाठचे शेतकरी. धडे संपले की त्या खडूने फळ्यावर नकाशा काढून इथल्या जुन्या गोष्टी सांगायच्या, सावकाश, आम्हाला कळेल अशा.

जानेवारीत त्यांनी अठराशे बारा सालच्या युद्धाची गोष्ट काढली. अमेरिका तेव्हा नवी होती. इंग्रज समुद्रावर तिची जहाजं अडवायचे आणि खलाशांना धरून आपल्या आरमारात जुंपायचे. इकडे इथल्या मूळ लोकांच्या जमिनी गोरे वसाहतवाले गिळत चालले होते, म्हणून ते लोक इंग्रजांना मिळाले. अमेरिकेतल्या काहींचा डोळा कॅनडावर होता. एवढं सगळं साचलं आणि युद्ध पुकारलं गेलं. मूळ लोकांना बाई जुन्या सवयीने इंडियन म्हणायच्या, आणि तो शब्द आला की अख्खा वर्ग वळून माझ्याकडे बघायचा. एक मेक्सिकन म्हातारा तर मला म्हणाला, तुम्ही कुणाच्या बाजूने होता? मी म्हटलं, आम्ही दोन्ही वेळा इंग्रजांच्या बाजूने मेलो.

त्याच उन्हाळ्यात डेट्रॉइटच्या किल्ल्यातल्या सेनापतीने जवळपास न लढताच किल्ला इंग्रजांना देऊन टाकला. तो परत घ्यायला लांबच्या केंटकीहून तरुण पोरं निघाली. रेझिनकाठचं गाव त्यांनी भर जानेवारीत जिंकलं. पण चार दिवसांनी पहाटे इंग्रज आणि त्यांचे सोबती चालून आले, आणि पोरांना शस्त्रं टाकावी लागली. चालू शकणाऱ्यांना कैद करून नेलं. जखमींना गावातल्या घरांमध्ये ठेवलं.

"आमच्या घरातही होते," बाई म्हणाल्या. "इंग्रज अधिकारी त्यांना म्हणाला, सकाळी स्लेड, बर्फावरच्या गाड्या, येतील, तुम्हाला न्यायला."

माझ्या हातातली पेन्सिल थांबली.

गाड्या आल्या नाहीत. सकाळी आले ते ज्यांची गावं थोड्याच दिवसांपूर्वी अमेरिकन फौजांनी जाळली होती, ते मूळ लोक. त्यांनी घरं पेटवली. जखमी मारले गेले. प्रेतं कित्येक महिने तशीच उघड्यावर राहिली. पुढे 'रेझिन आठवा' अशी आरोळी देत अमेरिकन लोक लढले. अमेरिकेची राजधानी जळली, माणसं दोन वर्षं मरत राहिली, आणि तह झाला तेव्हा सरहद्द होती तिथेच ठरली. तहाची बातमी जहाजाने यायला वेळ लागला म्हणून शेवटची मोठी लढाई तर तह झाल्यावर झाली.

"बाई," मी विचारलं, "त्या पोरांच्या अंगावर काय होतं?"

"उन्हाळ्यातले कपडे. घरून उन्हाळ्यात निघाले होते ना. पातळ, सुती-तागाचे."

त्या दिवशी घरी येऊन मी काचेच्या दाराशी बसले. तो आला. मी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. केस तांबूस होते. खाकी नव्हती. माझा नवरा म्हणून ज्याला मी महिनाभर जेवू घातलं, तो दुसऱ्याच कुणाचा होता, कुणा केंटकीच्या आईचा नाहीतर बायकोचा. न्यायला येणाऱ्याला शोधत शोधत वाट चुकून माझ्या दाराशी आला होता. मग माझा माणूस इटलीत कुणाच्या दाराशी उभा असेल? आणि त्या बाईला तो दिसत असेल का? दिसला तर भात घालत असेल का?

संध्याकाळी मी नरेंद्रला म्हटलं, "कर. पण पिंड मी सांगेन त्या नदीवर ठेवायचे. दोन."

देवळातल्या गुरुजींनी होम आणि पुतळ्याचा विधी केला, दुसऱ्या पिंडाबद्दल जरा कुरकुरले, पण अनामिकालाही देता येतो म्हणाले. शनिवारी दुपारी आम्ही तिघं आणि वाट दाखवायला डुवाल बाई असे रेझिनवर गेलो. तिथे आता कागदाची गिरणी होती. लांबलचक जाळीचं कुंपण, चिमणीतून निघणारी वाफ, ओल्या पुठ्ठ्याचा वास. नदी गोठलेली. नरेंद्रने काठावरचा बर्फ हाताने बाजूला करून पिंड ठेवले. आम्ही मागे सरलो.

कावळे होते. उघड्या झाडांवर पुष्कळ होते. पण एकही खाली येईना.

बाईंना उत्तराने हळूच सांगितलं, की कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशाततरी अडकलाय. मग घरच्यांनी त्याला शब्द द्यायचा असतो. नरेंद्र पुढे झाला. हात जोडून म्हणाला, "बाबा, मी आईला शेवटपर्यंत सांभाळीन." कावळे हलले नाहीत. "दरवर्षी तुमचं श्राद्ध करीन." वारा सुटला. त्याचे ओठ निळे पडत चालले होते. उत्तरा त्याला गाडीत बस म्हणाली, तो ऐकेना. "गावाला शाळेत तुमच्या नावाने खोली बांधीन," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला.

मला तेव्हा उमगलं. शब्दानेच तर अडकवलं होतं त्यांना. गवतावर पडलेल्या माणसाला कुणीतरी शब्द दिला होता, आणि तो शब्द धरून ते बसले होते. मीही तोच शब्द कपाळावर लावून त्यांना बसवून ठेवलं होतं. येतील, येतील.

मी पोराच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मागे घेतलं. नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय मी कधी घेतलं नव्हतं.

"रावजी," मी म्हटलं, "गाडी येणार नाही. कुणी येणार नाही. तुम्ही निघा."

एक कावळा उतरला. चालत चालत आला, मान वाकडी करून बघितलं, आणि डाव्या पिंडातला भात उचलला. नरेंद्र खाली बर्फातच बसला.

उजवा पिंड तसाच राहिला. कावळा त्याला वळसा घालून गेला. मी थांबले. मग ध्यानात आलं, की त्या पोराला माझी मराठी कुठून कळणार. डुवाल बाईंनी तोंड उघडलं, पण मी हाताने थांबवलं. महिनाभर जेवला होता तो माझ्याकडे.

"नो स्लेड कमिंग, सन," मी म्हटलं. "नोबडी कमिंग. यू गो होम नाऊ."

बाईंनी माझं इंग्रजी सुधारलं नाही. कावळा परत फिरला आणि उजव्या पिंडातला भात उचलला.

गाडीत बसल्यावर मी पदराने कुंकू पुसलं. उत्तरा म्हणाली, "आई, राहू द्या ना. इथे कोण विचारतंय?" मी म्हटलं, "इतकी वर्षं ते विचारत होते ना, गाडी कधी म्हणून." नरेंद्र मागच्या सीटवर झोपला होता, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायचा तसा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काचेच्या दाराशी बसले. मेपलखाली बर्फ होता आणि बर्फच होता. उजेड उतरेपर्यंत मी बसले. घर तापवणाऱ्या भट्टीचा पंखा चालू होत होता, बंद पडत होता. त्रेचाळीस वर्षांत मला एकटं असं कधी वाटलं नव्हतं. त्या दुपारी वाटलं.

दहीभाताचं ताट मी तरीही बाहेर ठेवलं. थोड्या वेळाने डेकवर रकून आला आणि दोन्ही हातांनी जेवू लागला.