नववी वायर

मित्रांनो, विजयश्रीबाई गेल्याचं शेडमध्ये कळलं तो मंगळवार होता. सकाळी त्यांना टेम्पोत घालून नेलं होतं. दुपारी दवाखान्यातून फोन आला. पॅकिंगच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या बायका माझ्याकडे बघू लागल्या.

मी एक जुना लोखंडी पाइप आहे, इंचभर जाडीचा. चाकणच्या एका लहान कारखान्यात मशीनला वीज देणाऱ्या वायरी माझ्यातून जात. मला ज्योतीराम वायरमनने बसवलं. त्याने मला दोन ठिकाणी वाकवलं, कडा कानशीने घासल्या आणि आत पाच वायरी ओढल्या. त्याच्या खिशात एक तक्ता असे. सरळ पाइपात अशा सहा वायरी, वळणाच्या पाइपात पाच, असं त्यात होतं. नऊ वर्षं मी कधी तापलो नाही. ज्योतीरामची बायको विजयश्रीबाई तिथंच पॅकिंग करत. त्या रोज मला भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीच्या स्क्रूला डब्याची पिशवी अडकवत. "अहो, तुमच्या हातचं एवढंच काम टिकलंय," असं त्याला चिडवत.

मागच्या वर्षी नवीन मशीन आलं. सुपरवायझर जयदीप म्हणाले, "ज्योतीरामभाऊ, याच पाइपातून अजून चार ओढा."

"साहेब, तक्त्यात पाचच आहेत."

"पाइप अर्धा रिकामा दिसतोय की! ती जागा पुढं वायरी वाढवायलाच सोडतात ना?"

"नाही साहेब. ती गरमी बाहेर पडायला असते."

"ओढली म्हणजे मावली, राव. सोमवारी माल जायचाय."

ज्योतीरामने तक्ता दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. आठ वायरी गेल्या. नववी वळणात अडकली. विजयश्रीबाईंनी डबा धुवायचा साबण पुढे केला. "घ्या. तुमच्या जोराचं काही खरं नाही." तो हसला. साबण लावून त्याने वायर ओढली. तिचं प्लास्टिक माझ्या वळणात सोललं. ते त्याला दिसलं नाही. शेजारच्या पाइपातही साहेबांच्या सांगण्यावरून त्याने तशाच चार वाढवून नऊ केल्या.

वायरी रोज तापू लागल्या. सोललेली तार उघडी होऊन मला टेकली. माझी अर्थिंगची तार नवीन मशीन आत घेताना तुटली होती. ती कोणी जोडली नव्हती. वीज माझ्या अंगावरच राहिली. त्या मंगळवारी विजयश्रीबाईंनी ओल्या हाताने पिशवी अडकवली.

मला काढून शेडच्या कोपऱ्यात भंगाराच्या ढिगात टाकलंय. तेरावा झाल्यावर ज्योतीराम कामावर आला.

"साहेब, शेजारचा पाइप उघडायचाय. एक दिवस मशीन बंद ठेवा."

"बसा भाऊ. चहा घ्या. एवढा माल जाऊ दे, मग बघू."

ज्योतीरामने खिशातला तक्ता त्यांच्या टेबलावर ठेवला. "मी वाचला होता, साहेब. मला माहीत होतं."

जयदीपनी चहाचा कप पुढे सरकवला.

मित्रांनो, वायर ओढली गेली म्हणून ती मावली असं समजू नका. पाइपाची वळणं मोजा. अर्थिंगची तार जोडलेली आहे का ते बघा, आणि पाइपात वीज उतरली आहे का ते हाताने नाही, टेस्टरने बघा. रिकामी जागा रिकामी राहू द्या.

विजयश्रीबाईंच्या जागी आता सुभद्राबाई आल्या आहेत. त्या आपली पिशवी शेजारच्या पाइपाला अडकवतात. त्या पाइपात अजून नऊ वायरी आहेत. तो उघडलेला नाही.