दातखीळ बसलेली गोळी

नेमबाजीच्या आवारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पैसे पोचवणाऱ्या गाड्यांवरचे झाडून सगळे पहारेकरी बायकापोरांसह लोटले होते. वाळूच्या ढिगापुढे एक मडकं ठेवलेलं, मडक्याच्या गळ्यात ताईत. गोळी लागू न देणारे ताईत वाटणाऱ्या कवचमहाराजांनी पिस्तूल उचललं. पहिली गोळी नुसत्या वाळूत, धाड. मग नळी मडक्याकडे वळली, महाराज काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी घोडा दाबला. काही नाही. मडकं जसंच्या तसं.

"दातखीळ बसली," महाराज म्हणाले. "कवच दिसलं की गोळीची वाचाच जाते, बिचारीची."

लोकांनी हात जोडले. सर्वांत पुढे भिंगरीचे पप्पा, तेही गाडीवरचे पहारेकरी. ताईत बांधल्यापासून पप्पांनी गोळी अडवणारं जाकीट खुंटीला टांगलं होतं. "उकडतं गं त्यात. आणि आता हवंय कशाला?"

भिंगरी नववीत. आत्या या आवाराची प्रशिक्षक, आणि तिच्याच हाताखाली भिंगरी नेमबाजी शिकत होती. महाराजांनी अडकलेली गोळी झटकली, ती घरंगळत तिच्या पायाशी आली.

"आत्या, हिचं नाक बघ. बसकं."

आत्याने पिस्तुलातलं गोळ्या भरायचं मॅगझिन मागितलं. महाराज देईनात. पण आवार आत्याचं, नियम आत्याचे. आत उरलेल्या सगळ्या गोळ्या बसक्या नाकाच्याच निघाल्या.

"मॅगझिनच्या तोंडाशी या दोन वळवलेल्या कडा आहेत ना," आत्या म्हणाली, "त्या गोळीला ठरावीक तिरकी धरतात. या कडा गोल नाकाच्या गोळीसाठी वळवल्यात. गोल नाक नळीच्या तोंडाशी असलेल्या उतारावरून सुळकन आत जातं. बसकं नाक उताराला थडकतं आणि तिथंच रुततं. वर एक गोल ठेवली, खाली बसक्या भरल्या, की झाला चमत्कार."

पहारेकरी एकमेकांकडे बघू लागले. वर्षातून एकदा त्यांचा सराव, तोही कंपनीच्या एकाच जातीच्या, गोल नाकाच्या गोळ्यांवर. गोळी रुतलेली त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

"आता उलटं करून बघू," भिंगरी म्हणाली. "ताईत राहू दे, गोळ्या गोल भर."

मडक्याचा भुगा झाला.

"आता ताईत नको. बसक्या भर."

नुसत्या वाळूपुढेही पिस्तूल मुकं.

भिंगरीला वाटलं, आता संपलं. महाराजांनी शांतपणे डोळे मिटले. "शंकेखोर हात लागला, कवच विटलं. उद्या नवीन देतो." आणि गर्दीने सुटकेचा निःश्वास टाकला. पप्पांनीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचा हॉर्न वाजला, तेव्हा भिंगरी जाकीट घेऊन दारात आडवी उभी.

"पप्पा, लुटारू काही महाराजांकडून गोळ्या भरून घेत नाहीत."

"फार बोलायला लागलीस," पप्पा हसले, तिच्या डोक्यावर टपली मारली आणि बाजूने निघून गेले. जाकीट तिच्या हातातच राहिलं, चांगलं जड.

तुमच्याही घरातून कुणी असं निघत असेल, तर त्याला दारात धरून एवढंच विचारा: ताईत काढला तरी तेच घडतं का? तो ऐकेलच असं नाही. तरी विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत जाकीट घालायला लावा.