गवळवाटेची खडी

प्रेबेनची गाडी गवळवाटेचा चढ चढून आली तेव्हा ओड्वार खिडकीशीच उभा होता, तरी ती त्याला ऐकू आली नाही. काळी, चकचकीत, घराएवढी एसयूव्ही वळणावरून वर सरकली आणि वरच्या घरांकडे निघून गेली, जणू डोंगर तिच्या तीर्थरूपांनी बांधून ठेवला होता. ओड्वारच्या मते हाच लबाडीचा पहिला पुरावा. प्रामाणिक गाडी आवाज करते.

"गेला," तो म्हणाला.

"वर गेला की खड्ड्यात?" इंगुनने विणकामातून मान वर न काढता विचारलं.

"वर."

"मग बस की आता."

ओड्वारला बसवेना. प्रकरणच तसं होतं. गवळवाटेवर डोंगरघरं असलेल्या लोकांचं एक रस्ता मंडळ होतं आणि ओड्वार त्याचा अध्यक्ष होता, कारण निवडणुकीच्या दिवशी बाकीचे स्की करायला गेले होते. खालच्या शेतावरचा हाल्वोर ट्रॅक्टरने बर्फ बाजूला करी आणि चढावर बारीक खडी टाकी. कुणाची तक्रार नव्हती. मग ओस्लोच्या प्रेबेनने सगळ्यात वरचं घर घेतलं आणि शरदातल्या बैठकीत ठराव मांडला: खडी बंद. खडीने स्कीच्या तळव्यांना ओरखडे पडतात, पोरांच्या घसरगाड्या अडतात, आणि आता सगळ्यांकडे चारही चाकांनी ओढणाऱ्या गाड्या आहेत. "माझी तर हायब्रीड आहे," तो म्हणाला. हे वाक्य तो अशा सुरात बोलला की दोघातिघांनी मान डोलावली.

ओड्वारची जुनी स्टेशन वॅगन पुढच्या दोन चाकांवर चाले. खडी नसली की ती खाली पत्रपेट्यांपाशीच थांबे आणि पुढे पायी. तो स्वतः येईल कसाबसा. पण इंगुनच्या कमरेचा सांधा नुकताच बदललेला. निसरड्या चढावर पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. खडी गेली तर दोघांचा डोंगरावरचा हिवाळा गेला, आणि हिवाळाच नसेल तर घर ठेवून करायचं काय? इंगुन सहज म्हणे, "मग विकून टाकू." ती हे इतक्या सहज म्हणे की ओड्वार पुन्हा खिडकीशी जाऊन उभा राही.

मंडळाला भांडण नको होतं, म्हणून मंडळाने प्रयोग ठरवला. हिवाळी सुट्टीतल्या बैठकीपर्यंत खडी टाकायची नाही. तोवर प्रेबेनची गाडी बिनखडीचा चढ चढत राहिली तर खडी कायमची बंद. ओड्वार आणि इंगुन पहिला बर्फ पडायच्या आतच वर येऊन बसले, वेढा पडणार म्हणून किल्ल्यात धान्य भरून बसलेल्या शिबंदीसारखे.

आणि गाडी चढत होती. दर शुक्रवारी, न चुकता, न घसरता. घोडं कुठं पेंड खातंय तेच ओड्वारला कळेना.

आधी त्याला वाटलं, बर्फात रुतणाऱ्या खिळ्यांचे टायर असणार. ओस्लोचा माणूस वर "बिनखिळ्यांचे" म्हणून मिरवायचा आणि खाली खिळे. शनिवारी सकाळी तो प्रेबेनच्या अंगणात गेला. गाडी भिंतीतल्या वायरीला जोडून ठेवली होती, सलाईन लावलेल्या श्रीमंत पेशंटसारखी. ओड्वारने हातमोजे काढले, गुडघे टेकले आणि बैलाचे दात बघावेत तसं टायर चाचपलं.

"काही हरवलंय का?" दारातून आवाज आला. प्रेबेन कॉफीचा कप घेऊन लोकरीच्या अंतर्वस्त्रांत उभा होता.

"हातमोजा."

"दोन्ही तुझ्या खिशात दिसतायत."

"मग सापडला," ओड्वार उठत म्हणाला.

खिळे नव्हते. शिवाय प्रेबेनने त्याला गाडीची सगळी शरीररचना ऐकवली. पुढची चाकं पेट्रोलवर, मागची विजेवर, मध्ये जोडणारा दांडाच नाही. कुठलं चाक घसरतंय ते संगणक बघतो आणि दोन्हीकडच्यांची समजूत घालतो.

"म्हणजे पुढच्यांचा मागच्यांशी काही संबंध नाही," घरी येऊन ओड्वारने सांगितलं. "तरी दोघं एकाच दिशेने जातात म्हणे."

"आपलं तरी काय निराळं आहे?" इंगुन म्हणाली.

मग त्याने हाल्वोरला गाठलं. "खरं सांग. दोरी बांधून तू ओढतोस का त्याला?"

"मला कोण बोलावतंय?" हाल्वोर म्हणाला. "एकदा तरी अडकला असता तर मीच वॅफल वाटले असते."

रोज सकाळी ओड्वार पत्रं आणायच्या निमित्ताने चढ उतरे, चाकांच्या खुणा तपासे आणि हात हलवत परत येई. असाच एकदा उतरताना त्याच्या मनात पाल चुकचुकली. आख्ख्या हिवाळ्यात आपण एकदाही पडलो नाही. या वयात, या बुटांत, बिनखडीच्या चढावर. हे संशयास्पद होतं.

तो वाकला. वरचा भुरभुरीत बर्फ हाताने बाजूला केला. खाली करडा थर. त्याखाली बर्फ, पुन्हा करडा थर. चिमूट उचलून त्याने हुंगली. बर्च लाकडाची राख.

"सापडलास," तो वरच्या घराकडे बघून पुटपुटला. पण वरच्या घरात लाकूड जळतच नव्हतं. तिथे विजेच्या पंपाने ऊब येई आणि शेकोटीच्या जागी पडद्यावर जाळ दिसे. बर्च जाळणारं गवळवाटेवर एकच घर होतं, त्याचं स्वतःचं. तिथे लाकूड किती जळतं, राख किती निघते, हे ओड्वारला ठाऊक असायला हवं होतं. पण इतरांवर नजर ठेवण्याच्या गडबडीत त्याने स्वतःच्या शेगडीकडे पाहिलंच नव्हतं.

"आपली राख कुठे जाते?" त्याने आत येऊन विचारलं.

"चढावर," इंगुन म्हणाली.

"तू चढावर जातेस?"

"ढकलायच्या घसरगाडीला धरून. आधी पुढे राख टाकायची, मग त्यावर पाय. येताना वरून बर्फ लोटायचा. तू उठायच्या आत परत."

"अगं पण का?"

"तू रोज उठून लोकांच्या चाकांच्या खुणा बघायला जातोस म्हणून. पडलास तर उचलणार कोण? मी? या सांध्यावर?"

ओड्वार खुर्चीत बसला. तो पाळत ठेवायला जायचा म्हणून ती राख टाकायची. राखेवरून प्रेबेनची गाडी चढायची. गाडी चढली म्हणून तो आणखी पाळत ठेवायचा. आणि हे बैठकीत सांगायचीही सोय नव्हती. ज्या बाईच्या सांध्याच्या नावाने तो शरदापासून गळा काढत होता, ती रोज चढ उतरून येते, हेही सांगावं लागलं असतं.

"आजपासून राख बंद," तो म्हणाला.

"मग तूही घरात बस."

तह झाला. बैठकीच्या दिवशी ओड्वारने अध्यक्ष या नात्याने एवढंच सुचवलं की मतदानाआधी गाडी सर्वांसमक्ष चढावी. प्रेबेन आनंदाने खाली गेला. मंडळी ओड्वारच्या घरासमोर वळणावर थर्मास आणि वॅफल घेऊन उभी राहिली. वॅफल इंगुनने केले होते, सोबत तपकिरी चीज.

गाडी आली. वळणावर तिची शेपटी किंचित हलली, मागच्या चाकांनी काहीतरी ठरवलं, आणि ती वर गेली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण दोघंतिघं "हं" म्हणाले, आणि गवळवाटेवर त्याचा अर्थ तोच होता. ओड्वारला घरविक्रीच्या जाहिरातीतला फोटो दिसू लागला.

मात्र वॅफल वळणावर होते, म्हणून प्रेबेन गाडी वळवून खाली आला. मंडळींपाशी त्याने ब्रेक दाबला. चारही चाकं थांबली. गाडी थांबली नाही. ती सगळ्यांसमोरून माणसाच्या चालीने सरकत गेली. आत प्रेबेन सरळ समोर बघत होता, रस्त्यात उधारी मागणारा भेटल्यावर माणूस बघतो तसा. पलीकडच्या बर्फाच्या ढिगात गाडीने तोंड खुपसलं आणि पूर्ण रस्ता अडवून उभी राहिली.

"चढताना काहीच झालं नाही," प्रेबेन बाहेर येत म्हणाला.

"चढताना कुणालाच काही होत नाही," इंगुन म्हणाली आणि त्याच्या हातात वॅफल दिला.

खडीच्या बाजूने सगळे हात वर झाले. प्रेबेनचाही, कारण त्याला रविवारी ओस्लोला परतायचं होतं.

हाल्वोरने ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली आणि साखळी गुंडाळत ओड्वारपाशी आला. "वर साधा बर्फ आहे. खाली पण साधा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तुमच्या पायरीपासून वळणापर्यंत मात्र काच आहे. कुणी पाणी ओतल्यासारखी."

ओड्वारने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. इंगुन पाठमोरी उभी राहून वॅफलचा साचा पुसत होती.

"डोंगरात झरे फुटतात," तो म्हणाला.

"एवढ्या कडाक्यात?"

"कधी कधी."

हाल्वोरने साखळी खांद्यावर टाकली. "तू अध्यक्ष. तू म्हणशील तो झरा."

ओड्वार आत आला. बूट काढले. इंगुनने मागे न वळता विचारलं, "काय म्हणत होता?"

"खडी टाकायला कुठून सुरुवात करू म्हणून विचारत होता."

"मग?"

"म्हटलं, आमच्या पायरीपासून कर. आत्ताच, उजेड आहे तोवर."